प्रतिसाद: युरोपियन तलवारी खरंच इतक्या जड होत्या का?

वर एकाने लिहिलंय की युरोपियन तलवारी आठ-दहा किलोच्या असत, आणि पात्यावरची पन्हळ रक्त वाहून जावं म्हणून. दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. एका हाताची मध्ययुगीन तलवार साधारण 1 ते 1.3 किलोची, दोन्ही हातांची लाँगसोर्ड दीड किलोच्या आसपास. सोळाव्या शतकातली जर्मन भाडोत्री सैनिकांची भलीमोठी तलवारसुद्धा दोन-तीन किलोंचीच. मिरवणुकीसाठी घडवलेल्या मात्र याहून जड असत, गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा.

पन्हळ पात्याचं वजन कमी करते, ताठपणा मात्र फारसा जात नाही. मुठीच्या टोकाला जो लोखंडी गोळा असतो तोही शोभेचा नाही. त्याच्यामुळे तोल मुठीकडे सरकतो. पातं परजेपासून (मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या दांडीपासून) चार-सहा बोटांवर तर्जनीवर तोलून धरा, बऱ्याच तलवारी तिथेच स्थिर राहतात. मग मनगट फिरवलं की टोक लगेच वळतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो चौदाव्या शतकातला बदल. अंगावर पोलादी पत्रे चढले, तशी रुंद पाती निमुळती आणि अणकुचीदार होत गेली. पत्र्यावर वार चालत नाही, म्हणून योद्धा डाव्या हाताने पातंच मधोमध धरून काखेतल्या, कोपराच्या फटीत टोक घुसवायचा.

आणि आपल्याकडची फिरंग तलवार आठवा. फिरंगी म्हणजे युरोपियन, नावातच आलं: पातं बहुधा युरोपातलं, मूठ इथली.