सीपीएल ग्राउंड : तयार सिलॅबस घ्यावा की स्वतःचा बांधावा?

औशाचा_एएफआय
नमस्कार मंडळी. मी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर. वडलांच्या आजारपणामुळं फ्लाइंग स्कूल सोडून दिवाळीत लातूरला घरी आलो. सध्या वरच्या खोलीत सहा लेकरांना सीपीएलचं (कमर्शियल पायलट लायसन्सचं) ग्राउंड, म्हणजे लेखी पेपरांचे विषय, शिकवायलोय. विमानातलं शिक्षण आपल्याकडं डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्य संस्थेतच होतं आणि तिथं सिलॅबस संस्थेचा असतो. इथं मात्र काय, कोणत्या क्रमानं आणि कसं शिकवायचं, हे सगळं माझ्यावर आहे.

एका अकॅडमीच्या स्लाइड्स आणि प्रश्नसंच विकत घेतले. पासिंगला ७० टक्के लागतात, तेवढे त्यातून पडतील. पण परवा मिटिऑरॉलॉजीच्या (हवामानाच्या) सराव पेपरात ८४ टक्के घेतलेल्या पोराला गच्चीवर नेलं. मांजरा नदीच्या अंगाला ढग चढत होते. विचारलं, "हे दुपारीच का चढतंय, सकाळी का नाही?" पोरगं गप्प. स्लाइडवरचं उदाहरण इंग्लंडच्या किनाऱ्याचं. या लेकराच्या घरची द्राक्षं गारपिटीनं गेलेली, त्यानं ती डोळ्यांनी बघितलेली. त्याला क्युम्युलोनिम्बस (गडगडाटी, गारांचा ढग) पाठ आहे, पण तोच आपल्या बागेवर आला होता हे माहीत नाही. रात्री झोप लागली नाही मला.

स्वतःचे लेसन प्लॅन लिहावेत की तयार घेऊन दुरुस्त करावेत? कुणी केलं असेल तर सांगा.

परभणीकर_टेक्सास
सर, मी इकडं स्वतंत्र सीएफआय (सर्टिफाइड फ्लाइट इन्स्ट्रक्टर) आहे. अमेरिकेत नियमांच्या पार्ट १४१खालच्या शाळेला एफएएनं (तिथल्या विमान वाहतूक नियामकानं) मंजूर केलेलाच सिलॅबस लागतो. माझ्यासारखा पार्ट ६१खाली शिकवणारा स्वतःचा निवडू शकतो. प्रायव्हेट लायसन्सला १४१मध्ये किमान ३५ तास आणि ६१मध्ये ४० तास.

मी आधी छापील सिलॅबस जसाच्या तसा चालवला. दुसऱ्याच धड्यात स्टॉल, म्हणजे नाक फार वर गेल्यानं पंखांची उचल तुटणं. विद्यार्थ्याला अजून विमान सरळ धरता येत नव्हतं, घाबरून त्यानं योक (विमानाचं हँडल) छातीशी ओढून धरला. तेव्हापासून मी शेवटाकडून सुरुवात करतो. परीक्षक काय बघणार? स्टीप टर्नमध्ये (तीव्र वळणात) ४५ अंशाचा बँक म्हणजे कल, उंची १०० फुटांच्या आत, वेग १० नॉट्सच्या आत, बाहेर पडताना दिशा १० अंशांच्या आत. मग मागं यायचं: त्याआधी काय जमायला हवं, त्याच्याही आधी काय. प्रत्येक धड्याच्या कागदावर खाली एकच ओळ, 'आज हे जमलं तरच पुढं'. तयार सिलॅबस मी अजूनही जवळ ठेवतो, पण काही सुटलं का ते तपासायला. एफएएची हस्तपुस्तकं नेटवर फुकट आहेत, इन्स्ट्रक्टरसाठीचं जरूर वाचा.

गेवराईची_पोरगी
सर, मी सेमी-इंग्लिशमधून आलेय, दोन पेपर निघालेत. एकच विनंती. कल्पना मराठीत समजावा, पण शब्द इंग्रजीच ठेवा. आमच्या आधीच्या सरांनी सगळ्याला मराठी शब्द शोधले होते, प्रश्न वाचताना आम्हाला परत उलटं भाषांतर करावं लागायचं.

चिकलठाणा_०९_२७
औशाचे सर, तुमचा गच्चीवरचा प्रश्न हाच तुमचा पहिला लेसन प्लॅन आहे, तो लिहून काढा. डेन्सिटी अल्टिट्यूडचा, म्हणजे गरम विरळ हवेत विमानाला जी उंची जाणवते तिचा धडा मी कसा घेते ते सांगते.

चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) विमानतळाची समुद्रसपाटीपासून उंची १,९११ फूट, हिशेबाला १,९०० घ्या. क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १०१३, म्हणजे स्टँडर्डच धरा. या उंचीला स्टँडर्ड तापमान साधारण ११ अंश. मे महिन्यात दुपारी ४१. फरक ३०, प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट, म्हणजे ३,६०० फूट. विमान उभं आहे १,९०० वर, पण इंजिन, पंख आणि प्रोपेलर यांना वाटतंय आपण ५,५०० फुटांवर आहोत. हे फळ्यावर पोरांनीच मांडायचं. मग सेसनाच्या मॅन्युअलमधला तक्ता उघडायचा आणि सकाळी सहाचा टेकऑफ रोल (उडण्याआधीची धाव) दुपारी तीनच्या शेजारी लिहायचा. आकडा बघून पोरं स्वतःच म्हणतात, "मॅडम, सकाळी उडायचं."

त्यानंतर मी २६ एप्रिल १९९३ सांगते. याच धावपट्टीवरून भर दुपारी निघालेलं बोइंग ७३७ बीड रोडवरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत दोन गोष्टी पुढं आल्या: नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, आणि रस्त्यावरची वाहतूक थांबवलेली नव्हती. पोरांना सांगते, उष्णतेवर ढकलून मोकळं व्हायचं नाही, कारण जे होतं तेच लिहायचं. माझ्या वर्गात अशी घरं आहेत जिथं आईवडलांना तो दिवस आठवतो. त्या दिवशी वर्गात कुणी मोबाइल बघत नाही.

औशाचा_एएफआय
ताई, दादा, मनापासून आभार. गेवराईच्या ताईचंही पटलं, शब्द इंग्रजीच ठेवतो. डीजीसीएच्या सिलॅबसची प्रिंट काढून भिंतीला लावली, शिकवून झालं की त्यावर टिक करणार. स्लाइड्स बंद. सोमवारी दुपारी तीनला सहाही जणांना थर्मामीटर घेऊन गच्चीवर बोलावलंय. त्या पोराला सांगितलंय, बागेतल्या गारपिटीचा दिवस सकाळपासून आठवून लिहून आण: ऊन कसं होतं, वारा कधी फिरला, आधी काय पडलं. पहिला प्लॅन त्याच्या वहीवरून लिहितो आणि इथंच टाकतो, चुका काढा.