मदत हवी आहे: पदवीच्या ‘आरोग्य व तंदुरुस्ती’ विषयात प्रात्यक्षिकाचे गुण कशावर द्यावेत?

फळा_आणि_मैदान
नमस्कार. मी एका कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रथम वर्षाला ‘आरोग्य व तंदुरुस्ती’ हा दोन श्रेयांकांचा विषय आला असून त्याचे गुण आता गुणपत्रिकेत लागतात. बारा मिनिटांच्या कूपर चाचणीत विद्यार्थ्याने किती अंतर कापले, यावरून प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत, असे आमच्याकडे ठरू पाहत आहे. मला ते पटत नाही. सरावादाखल घेतलेल्या चाचणीत रोज पळणारी मुले अर्थातच वर राहिली, आणि तासाला नाडी, झोप, आहार यांविषयी सर्वांत नेमके प्रश्न विचारणाऱ्या मुली तळाला गेल्या. मूल्यमापनाची योजना पुढच्या आठवड्यात लेखी द्यायची आहे. कूपरऐवजी कोणती चाचणी घ्यावी? वेळ कमी असल्याने कृपया थेट उत्तर द्यावे.

जुना_पंच
सर, थेट उत्तर देण्याजोगी माहिती आपण दिलेली नाही. विद्यार्थी किती आहेत? आखलेला ट्रॅक आहे का? चाचणी सकाळी घेणार की दुपारी? विद्यापीठाने गुणांची विभागणी ठरवून दिली आहे, की ती महाविद्यालयावर सोडली आहे? कूपर यांनी ही चाचणी १९६८ साली अमेरिकी हवाई दलातील जवानांवरच्या अभ्यासातून मांडली. पूर्ण ताकदीने पळण्याची सवय आणि वेग राखण्याचा अनुभव तिने गृहीत धरला आहे. आयुष्यात पहिल्यांदा बारा मिनिटे सलग पळणारा मुलगा पहिल्या दोन मिनिटांतच दमून जातो आणि उरलेला वेळ चालतो. त्याचे अंतर त्याच्या हृदयाची क्षमता सांगत नाही, फक्त वेग सांभाळता आला नाही एवढेच सांगते.

भरती_मार्गदर्शक
आपण विनाकारण गुंतागुंत वाढवत आहात, असे मला वाटते. ग्रामीण महाविद्यालयातील निम्मी मुले पोलीस भरतीची तयारी करत असतात. भरतीच्या मैदानी चाचणीचे ५० गुण आहेत: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. गुणतक्ते तयार आहेत आणि मुलांना ते तोंडपाठ असतात. तेच तक्ते वापरावेत. विद्यार्थ्याला गुणही मिळतील आणि भरतीचा सरावही होईल. आमच्या केंद्रातली मुले याच पद्धतीने घडली आहेत.

जुना_पंच
भरतीचा तक्ता निवड करण्यासाठी असतो. हजारोंमधून काहींना घ्यायचे आणि बाकीच्यांना घरी पाठवायचे, हे त्याचे काम आहे आणि ते तो चोख करतो. पण इथे कोणालाच घरी पाठवायचे नाही. वर्गातला प्रत्येक जण पुढची चाळीस-पन्नास वर्षे स्वतःचे शरीर सांभाळणार आहे, आणि ते कसे सांभाळावे यासाठी हा विषय ठेवला आहे.

बर्फातला_विदर्भकर
मी कॅनडातील एका विद्यापीठात किनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राच्या विभागात प्रयोगशाळेचे तास घेतो. आमच्या तासाला विद्यार्थी एकमेकांच्या चाचण्या घेतात, आकडे नोंदवतात आणि त्यावर अहवाल लिहितात. गुण अहवालाला मिळतात. ज्याची क्षमता सर्वांत कमी निघाली, त्याचा अहवाल वर्गात सर्वांत चांगला असू शकतो, आणि तसे अनेकदा घडते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात लंबक किती लांब होता यावर कोणी गुण देत नाही. मापन कसे केले आणि त्यातून काय समजले, हेच पाहतात. तेव्हा कोणती चाचणी, हा प्रश्न दुसरा आहे. चाचणीच्या निकालाला गुण द्यायचे का, हा पहिला आहे.

फळा_आणि_मैदान
विभागणी महाविद्यालयावर सोडली आहे. एकूण ५० गुण. दोन तुकड्या मिळून दीडशेच्या आसपास विद्यार्थी आहेत. ट्रॅक नाही, कबड्डीचे मैदान आणि त्याला लागून मोकळी जागा आहे, तिथेच चुन्याने वर्तुळ आखून घेतो. तास दुपारी असतो, कारण बाहेरगावची मुले सकाळी लवकर पोहोचू शकत नाहीत. कॅनडातील सरांचा मुद्दा पटतो, परंतु माझ्याकडे प्रयोगशाळा नाही. स्टॉपवॉच आणि शिट्टी एवढेच साहित्य आहे.

प्रातःस्मरणी
साहित्य नसेल तर सूर्यनमस्कारांसारखा दुसरा उपाय नाही. औंध संस्थानाच्या पंतप्रतिनिधींनी शंभर वर्षांपूर्वी शाळाशाळांतून त्यांचा प्रसार केला तेव्हा कुठे ट्रॅक होते? एका चटईची जागा पुरते, दीडशे मुले एकाच वेळी करू शकतात, आणि प्रत्येक स्थितीची शुद्धता तपासता येते. शुद्धतेला गुण द्यावेत, संख्येला देऊ नयेत. मी स्वतः गेली कित्येक वर्षे रोज घालतो आणि गुडघेदुखी विसरलो आहे.

जुना_पंच
सूर्यनमस्कार अभ्यासक्रमात असावेतच, त्याबद्दल वाद नाही. पण दीडशे जणांच्या बारा स्थिती एकट्या शिक्षकाने तपासायच्या म्हटल्या, तर सत्र तपासण्यातच संपेल. शिवाय मुलगा जन्मतः लवचीक असेल, तर त्याला त्या लवचीकपणाचे गुण मिळतील. म्हणजे धावण्याच्या बाबतीत जी अडचण होती, ती तशीच राहिली.

आरोग्यकेंद्र
मी वैद्यकीय अधिकारी आहे. चाचणी कोणती याआधी दोन गोष्टी विचारते. आपले महाविद्यालय कोणत्या भागात आहे? आणि धावायला लावण्यापूर्वी विद्यार्थ्यांना प्रकृतीविषयी काही विचारले जाते का? तळाला गेलेल्या मुलींबद्दल आपण लिहिले आहे, म्हणून विचारते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त प्राणवायू कमी वाहून नेते, आणि तीच गरज भागवण्यासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. अशी मुलगी थोड्याच अंतरात धापा टाकते. तिला कमी गुण देणे म्हणजे आजाराला गुण देण्यासारखे आहे.

फळा_आणि_मैदान
महाविद्यालय नंदुरबार जिल्ह्यात आहे. प्रकृतीविषयीचा वेगळा अर्ज महाविद्यालयात भरून घेत नाहीत. सरावाच्या चाचणीत एका मुलीला भोवळ आली होती. सावलीत बसवून पाणी दिल्यावर ती सावरली, म्हणून मूळ प्रश्नात लिहिले नव्हते.

आरोग्यकेंद्र
सर, हा तपशील सर्वांत आधी हवा होता. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. गडचिरोलीतही तसेच. सिकलसेलच्या रुग्णाला अतिश्रम, ऊन आणि शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. वाहक, म्हणजे ज्यांना हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला आहे असे लोक, एरवी निरोगी असतात, परंतु उन्हात सवय नसताना टोकाचे श्रम केल्यास त्यांनाही धोका संभवतो. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू असून अनेक विद्यार्थ्यांची तपासणी झालेली असेल आणि त्यांच्याकडे कार्डही असेल. त्या मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. दुपारच्या उन्हात बारा मिनिटे जीव तोडून पळायला लावणारी चाचणी आपल्या महाविद्यालयात मुळीच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि एक विनंती: प्रकृतीची माहिती वर्गात उभे करून विचारू नये. लेखी घ्यावी आणि ती आपल्याच कपाटात राहावी. लग्नाच्या वयाच्या मुलींसाठी ‘वाहक’ हा शब्द वर्गात उच्चारला जाणे किती महागात पडते, हे मी पाहिले आहे.

बर्फातला_विदर्भकर
डॉक्टर मॅडमशी पूर्ण सहमत. इथे पार-क्यू नावाची प्रश्नावली भरल्याशिवाय कोणाचीही चाचणी घेत नाहीत. ती मूळची याच देशातली, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली. मूळ प्रश्न सातच होते: डॉक्टरांनी हृदयाचा आजार सांगितला आहे का, श्रम करताना छातीत दुखते का, भोवळ येते का, अशा स्वरूपाचे. त्यांचे सोप्या मराठीत रूपांतर करून सिकलसेलचा एक प्रश्न आपण जोडू शकाल.

भरती_मार्गदर्शक
काळजी घ्यावी हे मान्य. पण एवढी भीती घातली तर मुले मैदानावर उतरणारच नाहीत. निकालाला गुण नकोत, तर प्रगतीला द्या. सत्राच्या सुरुवातीला एक चाचणी, शेवटी एक, आणि जो फरक पडेल त्याला गुण. यापेक्षा न्याय्य काय असू शकते?

जुना_पंच
वरवर न्याय्य दिसते, पण दोन अडचणी आहेत. जो आज २८०० मीटर पळतो, त्याला आणखी २०० मीटर वाढवायला घाम गाळावा लागतो. जो १४०० पळतो, तो नुसत्या सवयीने तेवढे वाढवतो. म्हणजे आधीपासून मेहनत करणाऱ्यालाच शिक्षा. दुसरी अडचण अशी की, फरकाला गुण आहेत हे कळताच पहिल्या चाचणीला मुले मुद्दाम रेंगाळतात. मोजमाप ठेवावे, ते विद्यार्थ्याला दाखवावे, पण त्याला गुण जोडू नयेत.

नवा_व्यायामपटू
इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. जिममधले प्रशिक्षक प्रोटीन पावडर घ्यायला सांगत आहेत. वजन ५८ किलो आहे. घ्यावी का?

आरोग्यकेंद्र
कृपया वेगळा धागा काढावा. डाळ, कडधान्ये, दूध आणि अंडी किती घेता, ते तिथे लिहावे; उत्तर देईन.

नाडीपरीक्षक
मी एका शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकवते. धागाकर्त्यांना पळण्याशिवाय, कमी जागेत, सावलीत घेता येणारी चाचणी हवी असेल, तर क्वीन्स कॉलेज स्टेप चाचणी सुचवते. हार्वर्ड स्टेप चाचणीत पाच मिनिटे आणि मुलांसाठी २० इंचांची पायरी असते. आपल्याकडच्या कमी उंचीच्या मुलांच्या मांड्या तिथे हृदयाच्या आधी हार मानतात. क्वीन्समध्ये पायरी ४१.३ सेंमी आणि वेळ तीन मिनिटे. मुलांनी मिनिटाला २४ वेळा, मुलींनी २२ वेळा चढ-उतार करायचा. मोबाइलवर तालयंत्र मुलांसाठी ९६ आणि मुलींसाठी ८८ ठोक्यांवर लावावे. एका चढ-उताराला चार पावले पडतात. थांबल्यावर उभ्यानेच, पाचव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंत नाडी मोजायची आणि चारने गुणायचे. अर्थात डॉक्टर मॅडमनी सांगितलेली लेखी विचारपूस आधी, आणि ज्यांना शंका आहे त्यांनी नोंदी घेण्याचे काम करावे.

खरे शिक्षण याच पंधरा सेकंदांत होते, असे मी अनुभवाने म्हणते. मुले अंगठ्याने नाडी धरतात आणि कित्येकदा स्वतःचेच ठोके मोजतात. तर्जनी आणि मधले बोट मनगटावर, अंगठ्याच्या रेषेत, हलके ठेवायला शिकवावे लागते. एक ठोका चुकला तर मिनिटाला चार चुकतात. मुलाने ३८ ठोके मोजले तर मिनिटाला १५२ होतात, आणि १११.३३ उणे ०.४२ गुणिले १५२ या सूत्राने व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर मिनिटाला दर किलो वजनामागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकते तो आकडा, सुमारे ४७.५ निघतो. ३९ मोजले असते तर ४५.८ निघाला असता. जोडीदाराने त्याच वेळी दुसऱ्या मनगटावर मोजावे आणि दोघांचे आकडे शेजारी लिहावेत. ते जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, याचे उत्तर विद्यार्थ्याने द्यावे. गुण त्या उत्तराला द्यावेत. क्षमतेचा आकडा त्याच्याच वहीत राहू द्यावा.

फळा_आणि_मैदान
मॅडम, हे मला करता येण्यासारखे आहे. मग ५० गुणांची विभागणी अशी करावी का: नाडी मोजणे व नोंदींना १५, आठवड्याच्या व्यायाम-वहीला १५, स्वतःसाठी आखलेल्या योजनेला १०, तोंडी परीक्षेला १०? वही एकमेकांची उतरवून काढतील, अशी भीती विभागात व्यक्त होईल.

नाडीपरीक्षक
तोंडी परीक्षा त्या वहीवरच घ्यावी. ‘मागच्या बुधवारी चालणे कमी का झाले?’ एवढे विचारले तरी उतरवलेली वही उघडी पडते. आणि वहीत फक्त व्यायाम लिहायला सांगू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमाची हालचाल करावी, आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम किमान दोन दिवस करावेत. त्या हालचालीत कामाची, प्रवासाची आणि घरातली हालचालही धरतात. आपल्याकडचा जो विद्यार्थी पाड्यावरून रस्त्यापर्यंत चालत येतो, सुट्टीत निंदणी करतो आणि संध्याकाळी पाणी भरतो, त्याला आपण पुष्कळ हालचाल करतो हे बहुधा कोणी सांगितलेलेच नसते. आणि वसतिगृहात राहायला आल्यावर ती सगळी हालचाल एकाएकी बंद होते, हेही त्याला वहीतच दिसेल.

भरती_मार्गदर्शक
ही विभागणी मला पूर्ण पटली असे नाही, कारण स्पर्धेशिवाय मुले मनापासून पळत नाहीत. तरीही ज्यांना भरतीला जायचे आहे, त्यांच्या वैयक्तिक योजनेत १६०० मीटरची तयारी बसवता येईल, एवढी सोय ठेवावी.

नाडीपरीक्षक
ती सोय अवश्य ठेवावी. त्या दहा गुणांच्या योजनेत विद्यार्थ्याने स्वतःचे उद्दिष्टच लिहायचे आहे.

फळा_आणि_मैदान
योजना आज रात्री लिहून काढतो. भोवळ आलेल्या मुलीला उद्या मॅडम प्राध्यापिकांसोबत आरोग्य केंद्रात पाठवत आहे. आता एकच राहिले: ४१.३ सेंमीच्या पायऱ्या कुठून आणाव्यात? प्रेक्षकांसाठीच्या पायऱ्या आमच्याकडे बुटक्या आहेत.

जुना_पंच
गावातल्या सुताराकडून लांब बाक करून घ्यावेत, एका बाकावर चार जण चढू शकतील असे. उंची फळीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत मोजावी, पायाखाली आडवी पट्टी ठोकावी म्हणजे बाक डुगडुगणार नाही, आणि वरची फळी रंधून गुळगुळीत करू नये, कारण घामाने ओल्या झालेल्या तळव्याखाली ती सटकते. पाया सपाट हवा, म्हणून चाचणी व्हरांड्यात घ्यावी. सावलीही तिथेच मिळेल.