टोटल लॉस की रिपेअर? विम्याचा सर्व्हेअर म्हणतोय कॅश घ्या आणि गाडी घेऊन जा

आजऱ्याचा_पुणेकर

नमस्कार मंडळी, जरा गोंधळलोय, लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

तीन आठवड्यांपूर्वी गावाहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर ते एस वळण आहे ना, तिथे पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, मी मारला, मागच्या टेम्पोने मारलाच नाही. मधे आमची गाडी. बायको, मुलगा, मी तिघंही ठीक आहोत, बेल्ट लावले होते, एअरबॅग उघडल्या, बायकोच्या मनगटाला क्रॅक आहे तेवढंच. पोलीस स्टेशनला नोंद केलीये, टो करून गाडी पुण्यात गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपला आणलीये.

गाडी २०२० ची पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी. विम्याची पॉलिसी फुल, झिरो डेप आहे (म्हणजे पार्ट जुने म्हणून क्लेममधून घसारा कापत नाहीत), आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ५,२०,००० रुपये. लोन अजून १,४२,००० बाकी. वर्कशॉपने एस्टिमेट दिलं ४,३५,००० चं. मला वाटलं संपलं, टोटल लॉस, म्हणजे रिपेअर न करता गाडीची पूर्ण किंमत मिळणार. पण सर्व्हेअरने (विमा कंपनीसाठी नुकसान मोजणारा) त्याचं असेसमेंट काढलं ३,६२,००० आणि म्हणाला की साहेब ७५ टक्क्यांच्या आत बसतंय त्यामुळे टोटल लॉस होत नाही, एकतर रिपेअर करून घ्या नाहीतर कॅश लॉसमध्ये २,७५,००० घ्या आणि गाडी तुम्हीच ठेवा, कुणालाही विका, दोन दिवसात काम होईल. वर्कशॉपच्या गेटवरच एक जण भेटला, तो म्हणतो जशी आहे तशी ९०,००० ला उचलतो. आता वर्कशॉपवाले म्हणतायत लवकर ठरवा नाहीतर दिवसाला ५०० रुपये पार्किंग लागेल.

काल सामान काढायला गेलो होतो. डिकीत आईने दिलेला घनसाळचा तांदूळ होता, पोतं फुटून सगळीकडे झालेला, तिथला पोरगा म्हणाला दादा तेवढा तांदूळ न्या, उंदीर लागतील. अर्धा तास डिकीत वाकून तांदूळ भरत बसलो. असो.

सही करू का? दोन्ही मिळून ३,६५,००० होतायत, लोन फेडून २,२३,००० हातात. लवकर सुटतोय हे पण आहेच.

इंजिनऑइल

नको करू सही!! आधी तुम्ही सगळे नीट आहात हे महत्त्वाचं. आता हिशोब बघ.

मी आठ वर्षं एका वर्कशॉपला इन्शुरन्स डेस्कवर होतो, हे रोज बघायचो. नियम असा आहे की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, म्हणजे टोटल लॉसच धरायची. तुझे ७५ टक्के म्हणजे ३,९०,०००. सर्व्हेअर ३,६२,००० वर थांबलाय. आता हे तो कुठे थांबला ते शोध. त्याच्याकडे असेसमेंट शीट माग, पार्टवाइज, मेलवर. तुला ती मिळायलाच पाहिजे.

शीटमध्ये पहिलं बघ की डेप्रिसिएशन (घसारा) कापलंय का. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबरच्या पार्टवर ५० टक्के कापतात, फायबरवर ३०, काचेवर काही नाही, आणि लोखंडी पार्टवर वयाप्रमाणे, ५ वर्षांच्या वरच्या गाडीला ४० टक्के. तुझं झिरो डेप आहे म्हणजे यातलं काही कापायचंच नाही. पण सर्व्हेअर लोक ७५ टक्क्यांची रेघ मोजताना कापून झालेला आकडा धरतात आणि घाईत झिरो डेप विसरतात (विसरतात असं आपण म्हणू). बंपर, हेडलाइट, ग्रिल, डॅशबोर्ड हेच पाच-सहा पार्ट फुल रेटने धरले तर तू रेघेच्या पलीकडे जाशील असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे गाडी खोललीये का? वरून बघून केलेलं एस्टिमेट म्हणजे केळ्याची साल बघून आत काय आहे सांगणं. मागून-पुढून दोन्हीकडून बसलाय म्हणजे अ‍ॅप्रन, लाँग मेंबर (दोन्ही सांगाड्याचे भाग), गिअरबॉक्सचं हाउसिंग, एअरबॅगचं मॉड्यूल, सीटबेल्ट, हे सगळं खोलल्यावरच कळतं. खोलून सप्लिमेंटरी (पुरवणी) एस्टिमेट द्यायला सांग आणि त्यावर पुन्हा सर्व्हे माग. वर्कशॉपला यात रस नसतो, कारण टोटल लॉस झाली की त्यांचा जॉब गेला, मग ते एस्टिमेटचा चार्ज आणि पार्किंग मागतात. ते ५०० रुपये पण लेखी माग, सर्व्हेची वाट बघण्याचे दिवस तुझ्या डोक्यावर का?

वाशिष्ठीकाठ

कॅश लॉस म्हणजे विमा कंपनीला सगळ्यात स्वस्त पडणारा रस्ता. बिल नाही, जीएसटी नाही, पार्ट नाही. आणि मोडलेली गाडी तुमच्या गळ्यात.

आमची गाडी २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडाली. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाणी किती होतं ते सांगायला नको, डॅशबोर्डच्या वर चिखलाची रेघ होती आणि सर्व्हेअरने त्याच रेघेचा फोटो काढला, बाकी काही बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल. शेजारच्या काकांनी पाणी उतरल्यावर त्यांची गाडी चालू होते का बघू म्हणून सेल मारला. झालं. पाणी इंजिनात, कनेक्टिंग रॉड वाकला, आणि कंपनी म्हणाली हे पुरामुळे नाही तुमच्या सेलमुळे, इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाचं वेगळं कव्हर) घेतलंय का? नव्हतं. आम्ही चावी पण लावली नाही, तेवढं सुचलं हेच नशीब, तशीच टो केली.

आमच्याकडे रिटर्न टू इनव्हॉइस होतं, गाडी वर्षाचीच होती, त्यामुळे आयडीव्हीऐवजी बिलाचा आकडा आणि रोड टॅक्ससुद्धा मिळाला. तुमची जुनी आहे, तुमच्याकडे नसणारच, हे अ‍ॅड-ऑन बहुतेक कंपन्या पहिली काही वर्षंच देतात. पण इथे वाचणाऱ्या नवीन गाडीवाल्यांनी बघा.

पेठेतला_माणूस

५,२०,००० च्या जागी ३,६५,००० घेऊन सुटायचं म्हणजे दीड लाख रुपये दिवसाला ५०० च्या पार्किंगला घाबरून सोडायचे. १०० दिवस ठेवली तरी ५०,००० होतात. शाळेतलं गणित आहे.

आजऱ्याचा_पुणेकर

@पेठेतला_माणूस हे वाचून बायको हसली, म्हणाली मी हेच सांगत होते, फक्त एवढ्या कमी शब्दात नाही.

@इंजिनऑइल शीट मागितली, चार मेल नंतर आली. बंपर दोन्ही ५० टक्के, हेडलाइट ५०, दरवाज्याचे ट्रिम ५०. झिरो डेपचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणे सिस्टिममध्ये दिसत नव्हतं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापलंय!

गाडी खोलायला सांगितलीये. सर्व्हेअर आता फोन उचलत नाही.

कायद्याचं_बोला

फोन सोडा, मेलवर बोला. कंपनीच्या ग्रीव्हन्स आयडीवर लिहा, सर्व्हेअरला सीसीमध्ये ठेवा. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, १५ दिवसांत त्याचा रिपोर्ट यायला हवा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने हो की नाही सांगायचं. तुमचे तीन आठवडे झालेत, तारखा घालून लिहा. तारखा घातलेला मेल आणि न घातलेला मेल यात फार फरक असतो.

तरी नाही हलले तर आयआरडीएआयच्याच बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका (१५५२५५ वर फोन करूनही होते), आणि कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर काहीच बोलली नाही तर विमा लोकपाल. पुण्यात नारायण पेठेत केळकर रोडला ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, लावताही येत नाही. ५० लाखांपर्यंतचे क्लेम बघतात.

आता त्याहून महत्त्वाचं. टोटल लॉस मान्य झाली की तुमच्यासमोर फॉर्मचा गठ्ठा येईल. फॉर्म २८, २९, ३०, ३५, आणि सगळे कोरे, फक्त सही मारा म्हणतील. २९ आणि ३० म्हणजे मालकी ट्रान्सफरचे. कोऱ्यावर सही केलीत तर गाडी कुणाकडे जातेय, कधी नावावर होतेय, तुम्हाला काहीच कळणार नाही. ती कुठेतरी जोडून रस्त्यावर आली आणि कुणाला उडवलं तर कागदावर मालक तुम्हीच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय, रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तो मालक, विकली होती हे कारण चालत नाही.

म्हणून एकतर आरसी रद्द करून टाका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली, त्यात आरटीओत चेसिस नंबरचा कापलेला तुकडा वगैरे मागतात, कटकट आहे पण डोक्याला शांतता. नाहीतर खरेदी करणाऱ्याचं नाव, आधार, तारीख, वेळ भरूनच सही करा आणि फॉर्म २९ ची आरटीओचा शिक्का असलेली कॉपी स्वतःजवळ ठेवा. एक मात्र आहे, आरसी रद्द म्हटलं की भंगारवाल्याचा भाव पडतो, त्यामुळे लिलावातली बोली आरसीसकट आहे की आरसीशिवाय हे कंपनीकडून आधीच लेखी घ्या, तो फरक तुमच्या खिशातून जाऊ देऊ नका.

इंजिनऑइल

वरचं सगळं बरोबर. फक्त पैशाची वाट कशी असते ते सांगतो नाहीतर ऐनवेळी घाबरशील. कंपनी सगळे ५,२०,००० तुला देत नाही. ते सॅल्व्हेजचा (मोडक्या गाडीचा) ऑनलाइन लिलाव करतात, जी वरची बोली येईल ती आयडीव्हीतून वजा करून उरलेले कंपनी देते आणि बोलीचे पैसे तो खरेदीवाला तुला देतो. दोन्ही मिळून आयडीव्ही वजा १,००० व्हायला पाहिजे (१५०० सीसीपर्यंत कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे आपल्या खिशातून जाणारा भाग, १,०००). बोलीवाल्याचे पैसे खात्यात दिसल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, चेक नाही, "संध्याकाळी टाकतो" नाही.

आणि कंपनीच्या पैशातून आधी बँकेचं लोन जाणार, मग तुझा नंबर. बँकेकडून फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला किती भरायचे त्याचं पत्र) आत्ताच काढून ठेव, त्याला आठवडा जातो.

आजऱ्याचा_पुणेकर

अपडेट, पाच आठवड्यांनी.

गाडी खोलल्यावर सप्लिमेंटरी एस्टिमेट ५,१०,००० चं आलं, डावा लाँग मेंबर वाकलेला आणि गिअरबॉक्सचं हाउसिंग तडकलेलं. दुसरा सर्व्हेअर आला, वीस मिनिटं बघितलं, टोटल लॉस. पहिल्याने बघितलं तेव्हा बॉनेटसुद्धा नीट उघडलं नव्हतं.

लिलावात १,३५,००० ची बोली आली, आरसीसकट. गेटवरचा ९०,००० म्हणत होता! कंपनीचे ३,८४,०००, त्यातले १,४२,००० बँकेला, माझ्या खात्यात २,४२,०००, आणि वरचे १,३५,००० खरेदीवाल्याकडून, आरटीजीएसने, मेसेज आल्यावरच चावी दिली. हातात ३,७७,००० आले. पार्किंगचे ६,००० मागत होते, दिवस कुणामुळे गेले ते मेलमध्ये लिहिलं तर माफ केले. टोइंगचे मात्र पॉलिसीत १,५०० च मिळतात, बाकीचे गेले.

फॉर्म २९ भरूनच सही केली. खरेदीवाला म्हणाला साहेब एवढा विश्वास नाही का, मी म्हटलं विश्वास आहे म्हणूनच नाव लिहितोय तुमचं.

@इंजिनऑइल पुण्यात असाल तर चहा माझ्याकडून.

वाशिष्ठीकाठ

अभिनंदन! काचेवरचा फास्टॅग काढला का?

आजऱ्याचा_पुणेकर

नाही ना राव. काल रात्री पावणेबाराला मेसेज आला, आनेवाडीला टोल कापला म्हणून. कुणाच्या तरी ट्रेलरवर बसून त्याच रस्त्याने परत निघालीये. बँकेला फोन लावलाय, होल्डवर आहे.