मदत हवी आहे: टाइप-सी फोनला वायरवाले इअरफोन

रोज डोंबिवली-दादर लोकल, त्या गर्दीत ब्लूटूथचा एक बड पडला की गेलाच, वर चार्जिंगची कटकट, म्हणून परत वायरवालेच वापरायचं ठरवलंय. पण फोनला ३.५ एमएम जॅकच नाही, फक्त टाइप-सी. स्टेशनबाहेरचं स्वस्तातलं कन्व्हर्टर लावलं तर आवाजच येईना, तेच इअरफोन लॅपटॉपला मस्त वाजतात म्हणजे ते ठीक आहेत. सेटिंगमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडायची सोय) पण चालू करून बघितलं, काही नाही. बहुतेक आत डॅक (फोनच्या डिजिटल सिग्नलचं इअरफोनला चालणाऱ्या अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चिप) असलेलंच कन्व्हर्टर लागणार. बजेट हजारच्या आत, नॉइज कॅन्सलेशन वगैरे नको, पण कॉलला माइक चाललाच पाहिजे. तर डॅकवालं कन्व्हर्टर घेऊ की सरळ टाइप-सी पिनचेच इअरफोन? आणि खिशात वाकून वाकून पिनपाशी वायर कुठल्याची आधी तुटते?