पुष्पचक्र घालतात की वाहतात?

प्रश्न : सोलापुरातल्या १२ जानेवारीच्या हुतात्मा-अभिवादन कार्यक्रमाचे वृत्त मंडळाच्या अंकासाठी लिहितोय. 'चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना पुष्पचक्र घालून अभिवादन' असे वाक्य केले, तर आमच्यात दोन तट पडले. पुष्पचक्र आणि पुष्पहार एकच ना?

उत्तर : एकच नाहीत. हार ओवलेला असतो, लोंबतो, म्हणून तो गळ्यात 'घालतात'. पुष्पचक्र म्हणजे सांगाड्यावर पाने-फुले बांधून केलेले कडे. ते पायथ्याशी ठेवायचे, दोन पावले मागे यायचे आणि मानवंदना द्यायची. म्हणून त्याला 'वाहणे' किंवा 'अर्पण करणे' हीच क्रियापदे शोभतात. २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनी कवायतीच्या मैदानावर हेच दिसते. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला दहा पोलीस चिनी सैन्याच्या गोळीबारात शहीद झाले. त्यांच्यासाठी स्मारकापाशी पुष्पचक्र ठेवतात, कोणाच्या गळ्यात काही पडत नाही.

आपल्याकडे फुलांच्या प्रत्येक वस्तूला तिचे क्रियापद ठरलेले आहे. तोरण बांधतात, गजरा माळतात, फुले वाहतात, दर्ग्यावर चादर चढवतात, गुच्छ देतात. क्रियापद चुकले की ऐकणाऱ्याला लगेच खटकते, कारण त्या क्रियापदात हात कसा हलतो तेच सांगितलेले असते.

आणखी एक उत्तर : यात भर घालतो. हाराला सुख-दुःख दोन्ही चालते. देवाला हार, नवरदेवाला हार, निवडून आलेल्याला हार आणि भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोलाही हार. पुष्पचक्र मात्र मराठीत फक्त गेलेल्यांसाठी राहिले. युरोपात तसे नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये विजेत्यांच्या डोक्यावर ऑलिव्हच्या डहाळ्यांचे कडे ठेवले होते, नाताळात दारावरही पानांचे कडे लावतात. त्याला कोणी मराठीत 'दारावरचे पुष्पचक्र' लिहिले की घरात कोणी गेले की काय, असे वाटते. तिथे 'गोल तोरण' म्हणावे.

प्रश्नकर्ता : पटले. पण आमच्या पूर्व भागातली तेलुगू मंडळी 'पूलदंड' म्हणतात, तो हारच ना?

उत्तर : हो, 'पूलु' म्हणजे फुले आणि 'दंड' म्हणजे माळ. आपल्या दंडाशी, म्हणजे शिक्षेशी किंवा बाहूशी, त्याचा संबंध लावू नका. कानडीत 'हूमाले'. सोलापूरच्या फुलबाजारात या तिन्ही भाषा एकाच टोपलीवर चालतात, हे मला या शहराचे वैभव वाटते.

आता तुमचे वाक्य. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली येरवड्यात फाशी दिली. मार्शल लॉ सोसलेल्या या गावाने त्यांची नावे जपली आहेत, तेव्हा वृत्तात चौघांचीही नावे पूर्ण लिहा, नुसते 'चार हुतात्मे' नको. पुतळ्यांच्या गळ्यात हार घातले असतील तर 'पुष्पहार घालून', पायथ्याशी कडे ठेवले असेल तर 'पुष्पचक्र अर्पण करून'. दोन्ही झाले असेल तर दोन्ही लिहा. जे झाले तेच अंकात यावे.