मदत हवी आहे : दोन लाखांचा लॅपटॉप घ्यायचा आहे, पण रॅम नंतर वाढवता येणार नाही

नमस्कार मंडळी,

मी कुडाळजवळच्या एका गावात राहतो आणि गेली सात वर्षे सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकांचे चित्रीकरण करून ते जतन करण्याचे काम करतो आहे. पोट चालते ते लग्न-मुंजींच्या चित्रीकरणावर. दशावताराचे काम मी माझ्या हौसेने आणि पदरमोड करून करतो. दोन्ही कामांना मिळून एकच लॅपटॉप असतो, आणि तो आता कायमचा बंद पडला आहे. त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली, जत्रांचा हंगाम सुरू झाला आहे, त्यामुळे निर्णय पुढे ढकलण्याइतका वेळ माझ्याकडे उरलेला नाही. बाहेरच्या डिस्कसह सगळे मिळून अडीच लाखांच्या आत बसवायचे आहे.

मनात आहे तो ॲपलचा ३० ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झालेला चौदा इंची मॅकबुक प्रो, एम४ प्रो चिपचा. २०२४ च्या दरांनुसार २४ जीबी रॅम आणि ५१२ जीबी साठवणूक असलेल्या मूळ जोडणीची किंमत १,९९,९०० रुपये आहे. साठवणूक १ टीबी करायची तर २०,००० रुपये वाढतात, आणि रॅम ४८ जीबी करायची तर ४०,००० रुपये. म्हणजे दोन्ही वाढवले तर २,५९,९०० रुपये होतात आणि ते माझ्या आवाक्याबाहेर जाते. दोहोंपैकी एकच निवडायचे आहे, आणि जे निवडेन ते लॅपटॉप असेपर्यंत बदलता येणार नाही, कारण रॅम आणि एसएसडी (म्हणजे साठवणूक) या दोन्ही गोष्टी बोर्डावर डाग देऊन बसवलेल्या आहेत.

या शेवटच्या गोष्टीची मला इतकी धास्ती का वाटते, ते सांगतो. माझ्या जुन्या लॅपटॉपची (कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही) रचना अशीच होती. गेल्या वर्षी एका जत्रेत, मंदिराच्या सभामंडपाच्या कोपऱ्यात, बाकड्यावर लॅपटॉप ठेवून मी पहिल्या तासाची कार्डे उतरवून घेत होतो. चार्जरची वायर खांबापर्यंत ताणलेली होती. संकासुराचे सोंग पाहायला धावलेल्या एका लहान मुलाचा पाय तिच्यात अडकला आणि लॅपटॉप दगडी फरशीवर आपटला. पडदा शाबूत राहिला, पण बोर्ड गेला. सेवा केंद्रात सांगण्यात आले की पूर्ण बोर्डच बदलावा लागेल, खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या आसपास येईल, आणि साठवणूक बोर्डाचाच भाग असल्यामुळे आतले काहीही परत मिळणार नाही. त्यात एका वयोवृद्ध कलावंताच्या भूमिकेचे चित्रीकरण होते, ज्याची दुसरी प्रत मी अजून केलेली नव्हती. ते आता पुन्हा मिळणार नाही, कारण ते कलावंत या पावसाळ्यात गेले. प्रत न करण्याची चूक माझी होती, हे मी मान्य करतो. परंतु एसएसडी सुटी असती तर ती काढून दुसऱ्या डबीत घालता आली असती, हेही तितकेच खरे आहे.

आता माझ्या कामाचा हिशेब मांडतो, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपे जाईल. तीन कॅमेरे असतात आणि तिन्ही ४के मध्ये, सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रित करतात. हा दर म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. पाच तास धरले तर एका कॅमेऱ्याचे २२५ जीबी आणि तिन्हींचे मिळून ६७५ जीबी होतात. म्हणजे ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये एक रात्रसुद्धा मावत नाही. दुसरीकडे, मंडपात प्रकाश कमी असल्यामुळे चित्रात दाणे फार येतात आणि घरी आल्यावर डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते कमी करण्याची प्रक्रिया चालवावी लागते. जुन्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम होती आणि नेमक्या याच ठिकाणी तो गुदमरत असे. एक मिनिटाचा भाग तयार व्हायला वीस-वीस मिनिटे लागत.

या लॅपटॉपच्या रचनेतल्या काही गोष्टी मला मनापासून पटल्या आहेत. ॲपलने २०१६ मध्ये एसडी कार्डाचा खाचा, एचडीएमआय आणि चुंबकाने चिकटणारी मॅगसेफ वायर ही सगळी काढून टाकली होती आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती परत आणली. मंडपात काम करणाऱ्या माणसाला या तिन्हींची किंमत कळते. पाय अडकला तर मॅगसेफची वायर सुटून येते, लॅपटॉप जागेवर राहतो. कार्डाचा खाचा यूएचएस-दोन दर्जाचा असून सेकंदाला २५० मेगाबाइटपर्यंत वेग देतो, त्यामुळे वेगवान कार्ड असेल तर २२५ जीबी उतरायला वीस मिनिटांच्या आसपास लागतील. माझ्या जुन्या रीडरने पाऊण तास घेतला असता. वजन १.६ किलो आहे, जे दुचाकीवर तिवई आणि कॅमेऱ्यांसोबत पाठीवर घेण्याजोगे आहे. मंडपात वीज मध्येच गेली तरी या लॅपटॉपची बॅटरी रात्र काढून देईल, असा माझा अंदाज आहे.

माझा स्वतःचा कल असा आहे की जे नंतर बाहेरून जोडता येते त्यावर आज पैसे घालू नयेत, आणि जे कधीच जोडता येणार नाही ते आजच पुरेसे घ्यावे. साठवणूक बाहेरून जोडता येते, रॅम नाही. या न्यायाने ४८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी साठवणूक ही जोडणी योग्य ठरते. पण मग रात्री मंडपात काम करताना बाहेरची डिस्क कायम लटकत राहणार, आणि मागच्या वर्षी जे घडले त्यानंतर लटकणाऱ्या कोणत्याही वस्तूची मला भीती वाटते. शिवाय, ज्या लॅपटॉपमध्ये रॅम बदलता येते असा एखादा महागडा लॅपटॉप घ्यावा का, हाही प्रश्न मनात आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या कामाबद्दल वाचून फार आनंद झाला. मी पुण्यात संगणक दुरुस्तीचे काम करतो, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

रॅम बोर्डावर डाग देऊन बसवण्यामागे केवळ नफ्याचा विचार आहे असे मी पूर्वी मानत असे. आता मानत नाही. मॅकबुक प्रोमध्ये जून २०१२ पासून हे सुरू झाले तेव्हा कारण मुख्यतः जाडी कमी करण्याचे होते. आज कारण वेगाचे आहे. एम४ प्रोमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेही एकच रॅम वापरतात आणि तिच्यातून सेकंदाला २७३ जीबी माहिती ये-जा करू शकते. नेहमीच्या सुट्या डीडीआर५-५६०० रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या तर हा आकडा ९० जीबीच्या जवळ येतो. चिप आणि रॅम यांच्यातले अंतर जितके कमी, तितका कमी विजेत जास्त वेग मिळतो. मध्ये खाचा आला की दोन्ही बाजूंनी तोटा होतो. दाणे कमी करण्याच्या ज्या प्रक्रियेत आपण अडता, तिलाही या वेगाचा उपयोग होतो.

मधला मार्ग निघाला आहे. एलपीकॅम२ नावाची, स्क्रूने बसणारी नवी सुटी रॅम २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ च्या सातव्या पिढीत आली आणि त्याच लॅपटॉपमध्ये एसएसडीसुद्धा सुटी आहे. तिचा वेग सेकंदाला १२० जीबीपर्यंत जातो, म्हणजे पट्ट्यांपेक्षा चांगला आणि एम४ प्रोच्या निम्म्याहून कमी. दुरुस्ती करणारा माणूस म्हणून मला ही रचना फार आवडते आणि तिचा प्रसार व्हावा असे मनापासून वाटते. परंतु तो सोळा इंची लॅपटॉप आहे आणि चार्जरपासून दूर रात्रभर टिकण्यात तो मॅकबुकची बरोबरी करणार नाही. आपल्याला दुचाकीवरून जायचे आहे आणि मंडपात विजेचा भरवसा नाही. म्हणून इच्छा असूनही मी आपल्याला तो सुचवत नाही.

मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगतो. सुटी एसएसडी असती तर चित्रीकरण वाचले असते, हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण त्यावरचा उपाय सुटी एसएसडी हा नाही. एसएसडी स्वतःही न सांगता जाते. उपाय एकच : कार्ड पुसण्याआधी दोन वेगळ्या ठिकाणी प्रत. तेव्हा अडीच लाखांतले निदान पंचवीस हजार रुपये दोन बाहेरच्या एसएसडींसाठी आधीच बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत लॅपटॉप बसवा.

प्रतिसाद २

मी मुंबईत मालिकांचे संकलन करते. मागच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, फक्त रॅमबद्दल थोडे वेगळे मत मांडते.

आपण सध्या तिन्ही कॅमेऱ्यांचे मूळ ४के चित्रण थेट टाइमलाइनवर घेत असाल असे दिसते. तसे करू नका. आधी त्याच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, तयार करून घ्या आणि सगळे संकलन त्यांच्यावर करा. मूळ चित्रण फक्त अंतिम फाइल बाहेर काढताना वापरात येईल. दाणे कमी करण्याची प्रक्रिया अख्ख्या पाच तासांवर चालवू नका, निवडलेल्या भागांवर शेवटी चालवा. एवढे केले तर तीन कॅमेऱ्यांच्या कामाला २४ जीबी रॅम पुरते, असा माझा रोजचा अनुभव आहे. फक्त हे लक्षात ठेवा की यातून ग्राफिक्सचा वाटाही जातो, त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपच्या २४ जीबीशी याची तुलना करता येत नाही.

खरेदीपूर्वी कोणाचा तरी मॅकबुक एक दिवस मागून घ्या. आपला एखादा जुना प्रकल्प त्यावर उघडा आणि मॅकमधल्याच ॲक्टिव्हिटी मॉनिटर या ॲपमधला मेमरी प्रेशरचा, म्हणजे रॅमवरच्या ताणाचा, आलेख पाहा. हिरवा असेल तर रॅम पुरेशी आहे, पिवळा असेल तर ताण आहे, लाल झाला तर कमी पडते आहे. माझ्या किंवा अन्य कोणाच्याही मतापेक्षा तो आलेख आपल्याला अधिक खरे सांगेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण सांगितलेली चाचणी करूनच लिहायचे ठरवले होते.

पणजीतल्या एका मित्राकडे एम१ प्रोचा, १६ जीबी रॅमचा चौदा इंची मॅकबुक आहे. गेल्या वर्षीच्या एका आख्यानाचा प्रकल्प मी त्यावर उघडला. मूळ ४के चित्रण आणि सोबत दाणे कमी करण्याची प्रक्रिया असताना आलेख पिवळा झाला आणि काही मिनिटांनी लाल पट्टे दिसू लागले. नंतर प्रॉक्सी तयार करून तेच काम केले, तेव्हा तो दोन तास हिरवाच राहिला. शेवटी फाइल बाहेर काढताना तेवढा पिवळा झाला, पण काम अडले नाही. १६ जीबीवर हे होत असेल, तर २४ जीबीवर माझी अडचण होऊ नये.

त्यामुळे माझा आधीचा न्याय मी बदलतो आहे. नंतर वाढवता येणार नाही म्हणून आज जास्तीची रॅम घ्यावी, असे मी म्हणत होतो. पण माझ्या कामाला ती लागतच नसेल, तर ते ४०,००० रुपये मी केवळ भीतीपोटी दिले असते. २४ जीबी रॅम आणि १ टीबी साठवणूक असलेली जोडणी २,१९,९०० रुपयांना घेतो. एका रात्रीचे ६७५ जीबी तिच्यात मावतात, म्हणजे नाटक सुरू असताना बाहेरचे काही लटकणार नाही, आणि उरलेल्या तीस हजारांत दोन बाहेरच्या एसएसडी येतील. पहाटे दहीकाला आटोपून मंडप रिकामा झाला की दोन्हींवर प्रती करायच्या आणि त्यानंतरच कार्डे पुसायची, हे आता ठरले.

एक शेवटची शंका आहे. आमच्याकडची हवा दमट आणि खारी आहे, आणि जुन्या लॅपटॉपच्या यूएसबी खाचांमध्ये दोन पावसाळ्यांतच हिरवट थर चढला होता. कार्डाच्या खाच्याचे असे होऊ नये म्हणून तो वापरात नसताना एखादे रिकामे कार्ड किंवा रबरी बूच लावून ठेवणे योग्य आहे का, की त्याने आतला ओलावा उलट अडकून राहील? किनारपट्टीवर अशी यंत्रे वापरणाऱ्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा. पुढची जत्रा येत्या शनिवारी आहे.