पाळी जायच्या वयात प्रोटीन : भाकरी-आमटी पुरते का?

साखरपेठची
आमच्या भिशीत सोन्याच्या भावानंतर हल्ली दुसरा विषय प्रोटीनचाच. चाळिशी ओलांडली, पाळी पुढंमागं व्हायला लागली की कुणीतरी पावडरीच्या डब्याचं नाव काढतंच. व्हॅनिला घेऊ की चॉकलेट, एवढाच काय तो वाद. मला हे सगळं थोतांड वाटतं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, शेंगाची चटणी, मटकीची उसळ यावर आपल्या सासवांनी ज्वारीची रानं काढली. त्यांना कुणी डबे दिले होते? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीत बाईला किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरलीत. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. पाळी जाणाऱ्या बाईसाठी वेगळा आकडा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं तर २०२४ मध्ये पावडरी टाळा म्हणूनच सांगितलंय. मग घाई कसली?

होटगीरोड
अक्का, पावडरीबद्दल तुमच्याशी भांडण नाही. पण 'पुरतं' हे मोजून म्हणताय की अंदाजपंचे? माझं वजन ६२ किलो, म्हणजे ०.८३ नं सुद्धा ५१ ग्रॅम लागतात. परवा काटा घेऊन बसले. सकाळचे पोहे ४ ग्रॅम. दुपारी दोन भाकरी, पीठ १२० ग्रॅम, त्याचे १२. आमटीच्या वाटीत डाळ किती? जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे ४. दोन चमचे चटणीचे ४, भाजीचे २. रात्री एक भाकरी, थोडा भात, परत आमटी, मिळून १३. दिवसभराच्या चहातलं दूध धरून ५. बेरीज ४४. हा बिनउपवासाचा दिवस. एकादशीला साबुदाणा, त्यात प्रथिनं नावालाच.
आणि ०.८३ हा आकडा तूट पडू नये म्हणून आहे. पाळी थांबायच्या आगंमागं इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं संप्रेरक उतरतं, हाडं झपाट्यानं विरळ होतात, स्नायू झिजतात, पोटावर चरबी चढते. काट्यावर वजन तेच दिसतं, आतला माल बदललेला असतो. ६५ च्या पुढच्यांना किलोमागं १ ते १.२ ग्रॅम खा असं वृद्धांच्या आहारातले तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडं पाळी सरासरी ४६-४७ ला जाते. पासष्टीची वाट का बघायची?

टॉवेलवाला
शेंगा वाढवा की ओ. १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन. सोलापुरात राहून पावडर विकत घ्यायची म्हणजे कमाल झाली.

होटगीरोड
दादा, त्याच १०० ग्रॅमात साडेपाचशेच्या वर कॅलरी पण आहेत. मूठभर ठीक. २५ ग्रॅमसाठी शेंगा खात बसलं तर साडी नेसायला दुसरी बाई लागेल.

कुंभारीकर
दोघीतिघींचं वाचलं. आमच्या घरकुलात दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बायका आहेत, त्यांना हा काटा कोण दाखवणार? अंडी आली तर आधी पोरांना, मग नवऱ्याला. बाई शेवटी जेवते. तोवर पातेल्यातली डाळ गेलेली असते, हिच्या वाट्याला वरचं तिखट पाणी. तुम्ही वाटीला ४ ग्रॅम धरले ना, तिच्या वाटीत दोन निघाले तरी खूप. पंचेचाळिशीत गुडघे धरून उठतात आणि म्हणतात, वय झालं. अर्धा प्रश्न प्रोटीनचा नाही, पंगतीचा आहे.

साखरपेठची
हे मात्र पटलं. पण मग औषध घरातच आहे की. आमटी घट्ट करा, बाईला बरोबर बसवा. हुलग्याचं माडगं करा, शंभर ग्रॅम हुलग्यात २२ ग्रॅम आहेत. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी, ते डाळीत मिळतं, म्हणून तर भाकरीबरोबर आमटी. आपल्या ताटाला एवढी नावं ठेवायचं कारण नाही.

होटगीरोड
ताटाला नाही, ताटातल्या मापाला. तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ हवी. आपल्याकडं सहाला एक पडते.

जुळेसोलापूर
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. माझ्या जावेला साखर आहे, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, वाढलंय. भिशीतल्या सल्ल्यानं तिनं दोन वेळा पावडर सुरू केली होती, डॉक्टर भडकले. किडनी अधू असेल तर प्रोटीन वाढवायचं की कमी करायचं हे डॉक्टरच ठरवणार. साखर-बीपीवालीनं आधी रक्त तपासावं, मग उसळी शिजवाव्यात.
दुसरं, नुसतं खाऊन स्नायू होत नाहीत. वजन उचलावं लागतं.

साखरपेठची
वजन उचलायचं काय सांगता? नळाला दिवसाआड सुद्धा पाणी येत नाही, आलं की हंडे-बादल्या भरून जिने चढतोच की आम्ही.

जुळेसोलापूर
ताई, तोच हंडा वीस वर्षं उचलताय, अंगाला त्याची सवय झाली. भार हळूहळू वाढला तर स्नायू जागे होतात. जिम नको, खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा, दहा जमल्या की पंधरा करा. नंतर हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या.

टॉवेलवाला
आमच्या मंडळींना हे सांगायची हिंमत माझ्यात नाही.

कुंभारीकर
दादा, सांगू नका. भाकरी थापून झाली की त्यांना आधी वाढा.

होटगीरोड
अक्का, मी पावडरीचा हट्ट धरत नाही. दोन अंडी, १२ ग्रॅम. अंडं चालत नसेल तर ३० ग्रॅम सोयाबीन वडी, १५ ग्रॅम, रश्श्यात मटणाच्या मसाल्यात घरच्यांना कळत पण नाही. आणि एकादशीला साबुदाण्याऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी, दही.

साखरपेठची
सोयाबीन बघू. अंडं आमच्याकडं शिजत नाही, ते सोडा. आणि एकादशीची खिचडी मी बंद करणार नाही, तुम्ही कितीही काटे आणा. सोबत मोठी वाटी दही घेईन, त्यापुढं बोलू नका.